दांडवेळचा कर्णा आणि त्याच्या अकरा वह्या

दांडवेळहून परत येऊन महिना झाला, तरी माझ्या पिशवीच्या शिवणीतून अजून वाळू निघते. कचेरीतल्या मैत्रिणी विचारतात, "रजा घेऊन गेली होतीस तरी कुठे?" मी गावाचं नाव सांगते. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "तिथे पाहण्यासारखं काय आहे गं?" देऊळ आहे, साधंच. सुपारीच्या वाड्या आहेत, पण त्या किनाऱ्याला त्या सगळीकडेच आहेत. मी तिथे एक आवाज ऐकायला गेले होते, एवढं सांगून मी गप्प बसते. ते पुरेसं नाही हे मला कळतं, म्हणून हे सविस्तर.

मी मुंबईला एका कचेरीत ध्वनिफिती सांभाळते. सांभाळते म्हणायचं, पण अर्धं काम पुसण्याचं. नवी फीत मिळायची मारामार, त्यामुळे दर महिन्याला जुन्या कार्यक्रमांची यादी येते आणि त्या फिती कोऱ्या करून परत वापरायला द्याव्या लागतात. कितीतरी माणसांचं बोलणं मी माझ्या हाताने पुसलंय. पुसण्याआधी एकदा पूर्ण ऐकायचं, हा माझा स्वतःपुरता नेम.

अशात माघ महिन्यात माझ्या टेबलावर एक पत्र आलं. वर पत्ता होता, "आवाज सांभाळणाऱ्या खात्यास". आत थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं :

"आमच्या गावी अकरा वर्षं कर्णा बोलतो. बोलणाऱ्या बाई एकच. रोजचं बोलणं त्यांनी वहीत उतरवलेलं आहे. आता घरोघर ट्रान्झिस्टर आले. येत्या शनिवारी पंचायत कर्णा उतरवणार. बाई म्हणतात, वह्या जाळणार. आपण येऊन काही करावं. दाऊद, दांडवेळ."

मी येते अशी तार केली, रजेचा अर्ज टाकला आणि कचेरीतलं बॅटरीवर चालणारं छोटं ध्वनिमुद्रण यंत्र साहेबांकडून मागून घेतलं.

माणगाव ते दांडवेळ

प्रवासाचं फार सांगण्यासारखं नाही. एक फजिती मात्र सांगितलीच पाहिजे. माणगावला गाडी बदलायची होती. स्टँडवर चहा घेतला, कंडक्टरने घंटी मारली, तशी मी यंत्र उराशी धरून धावले. यंत्राला लागणाऱ्या सेलची पिशवी बाकावरच राहिली. हे मला आठवलं ते म्हसळ्याच्या पुढे, वळणं सुरू झाल्यावर. आता परत जाणं शक्य नव्हतं. आवाज पकडायला निघालेली मी, मुकं यंत्र मांडीवर घेऊन श्रीवर्धनला उतरले.

दाऊदभाई बैलगाडी घेऊन आले होते. पासष्टीचे असतील. चौकड्याची लुंगी, वर जुना काळा कोट, पांढरी दाढी. मी यंत्र गाडीत ठेवायला लागले तर म्हणाले, "खाली नका ठेवू. मांडीवर घ्या. माणसाला धक्के बसले तर चालतात."

सेलची हकीकत सांगितली तेव्हा ते हसले. "आठच लागतात ना? होईल कायतरी."

दोन तासांच्या वाटेत त्यांनी कर्ण्याची जन्मकथा सांगितली. तरुणपणी ते आगबोटीवर बिनतारी खोलीत हरकाम्या होते. नोकरी सुटल्यावर मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी मोडकी यंत्रसामग्री आणली, जुळवली, आणि दोन भोंगे बसवले. एक बाजारातल्या पिंपळावर, एक समुद्राकडे माडाच्या खांबावर. मोटारीच्या बॅटरीवर ते चालायचं. दर आठवड्याला बॅटरी एस.टी.च्या टपावर बसून माणगावला जायची आणि भरून यायची.

"माझी बॅटरी माझ्यापेक्षा जास्त फिरली," ते म्हणाले. "खरा रेडिओ नाही हा, एवढं मला कळतं. तारा जातील तिथवरच आवाज जायचा. पण आमच्या गावाची हद्द तेवढीच की!"

"आणि बोलायला त्या बाई कशा आल्या?"

"पहिल्या दिवशी मीच बोललो. लोक हसले. दुसऱ्या दिवशी शाळामास्तर बोलले, लोक झोपले. तिसऱ्या दिवशी इंदूताईंना विचारलं. त्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या. विधवा बाईमाणूस भर बाजारात बोलणार म्हणून ब्राह्मणआळीत कुरकुर झाली. ताई म्हणाल्या, मी बाजारात कुठे जातेय? मी तर खोलीत बसणार."

मी देशावरची. आमच्या गावात दवंडी असायची, हलगी वाजवत माणूस गल्लीबोळांतून फिरायचा. तो दारात येईपर्यंत बातमी शिळी व्हायची. इथे साऱ्या गावाला एकाच क्षणी कळायचं, याचं मला फार अप्रूप वाटलं. त्याची दुसरी बाजू तेव्हा ध्यानात आली नाही.

कर्ण्याची खोली

पंचायतीच्या माडीवर दहा हाताची खोली. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, म्हणजे आवाज घुमू नये. मध्ये टेबल, त्यावर माईक. खिडकीतून खाडीचं तोंड दिसत होतं आणि होड्यांची शिडं उतरत होती.

इंदूताई माईकसमोर ताठ बसल्या होत्या. पांढरं सुती नऊवारी, नाकावर चष्मा, वय पंचावन्नच्या पुढे. त्यांनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली, कारण वेळ झाली होती. दाऊदभाईंनी खटका दाबला.

"ऐकणाऱ्या सर्वांना, समुद्राकडच्या शेवटच्या घरापर्यंत, नमस्कार."

आवाज जरा जाड, सावकाश. एखादी मोठी बहीण वेणी घालता घालता बोलते तसा. कालच्या वर्तमानपत्रातल्या चार बातम्या झाल्या. मुंबई बंदरात कोणत्या बोटी लागल्या ते झालं, कारण मोहल्ल्यातली निम्मी माणसं बोटींवर असत. ओल्या सुपारीचा भाव झाला. वाऱ्याची दिशा. मग, "गोविंद सुताराची तांबडी गाय दोन दिवस दिसलेली नाही, डाव्या शिंगाला चीर आहे." मग, "फातिमाबीच्या मुलाचं पत्र आलं आहे, पोस्टात पडून आहे, त्यांनी घेऊन जावं. पत्र जाड आहे." खिडकीखाली कुणीतरी मोठ्याने हसलं. वीस मिनिटांत कार्यक्रम संपला.

पुढ्यातल्या वहीत हे सगळं आधी लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "ताई, मी या वह्यांसाठी आलेय."

"दाऊदभाईंनी उगीच तसदी दिली तुला," त्या म्हणाल्या. "शनिवारी कर्णा उतरला की रविवारी त्या बंबात जायच्या आहेत. अकरा वर्षांची रद्दी, एक दिवसाचं पाणी तरी तापेल."

रागाने नव्हे, ठरवून टाकलेल्या माणसाच्या सुरात त्या बोलल्या. उतरले मी त्यांच्याकडेच. जेवायला केळीच्या पानावर गरम भात, आमसुलाचं सार, कच्च्या फणसाची भाजी आणि पोह्याचे पापड होते. जेवताना कर्ण्याचा विषय त्यांनी काढू दिला नाही. माझ्या नोकरीचं मात्र खोदून खोदून विचारलं. पुसण्याआधी मी फीत एकदा ऐकते हे सांगितलं तेव्हा त्यांचा घास हातातच थांबला.

"मग तू या वाच, कुसुम," शेवटी त्या म्हणाल्या. "जाळण्याआधी एकदा कुणी वाचलेल्या बऱ्या. फक्त पाचवी नको."

पाचवी वही

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी माजघरात वह्या घेऊन बसले. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एक, अशी प्रत्येक वर्षाची एक वही. जगात काय काय झालं ते त्यात होतंच, पण दांडवेळमध्ये काय झालं ते जास्त होतं. कुणाची मुलगी सातवी पास झाली. कुणाच्या विहिरीला पाणी गोडं लागलं. पहिली एस.टी. फाट्यापर्यंत आली तेव्हा ड्रायव्हरला नारळ कुणी दिला. एका पावसाळ्यात तीन दिवस वर्तमानपत्र आलं नाही, तेव्हा ताईंनी बातम्यांऐवजी गावातल्या प्रत्येक घराची खुशाली वाचली होती.

पहिल्या चार वह्यांत रोजची सुरुवात एकच होती, "ऐकणाऱ्या सर्वांना नमस्कार." सहावी वही उघडली. पहिल्याच पानावर, "ऐकणाऱ्या सर्वांना, समुद्राकडच्या शेवटच्या घरापर्यंत, नमस्कार." पुढे सगळीकडे तेच. म्हणजे हे शब्द पाचव्या वर्षात कधीतरी आले होते.

ताई वाडीत शिंपणं करायला गेल्या होत्या. मी पाचवी वही उघडली. मना केलेलं होतं, तरी उघडली. हे लपवण्यात अर्थ नाही.

दिवाळीनंतरच्या एका दिवसाखाली, गाय हरवल्याच्या आणि सुपारीच्या भावाच्या मध्ये, तीन ओळी होत्या :

"कोळीवाड्याच्या बैठकीकडून आलेली चिठ्ठी. महादू नाखवा याने गावाविरुद्ध कचेरीत साक्ष दिली, सबब त्याचे घर वाळीत टाकले आहे. त्याच्याशी कोणी बोलू नये, विस्तव-पाणी देऊ नये, मर्तिकाला जाऊ नये."

दुसऱ्या दिवसापासून नमस्कार बदललेला होता.

मागे पायरव झाला. ताई ओल्या पायांनी दारात उभ्या होत्या. मी वही मिटू लागले.

"मिटू नको. वाचलंस ना?" त्या खाली बसल्या. "तुला वाटेल, बाईने नाही का म्हटलं नाही. मी तो प्रश्न रोज स्वतःला विचारलाय. समुद्राकडचा खांब कोळीवाड्याच्या जागेत. 'नाही' म्हटलं असतं तर खांब उखडला असता. मी मनाशी म्हटलं, तीनच तर ओळी. चिठ्ठी त्यांची, आपण नुसता आवाज. वाचून टाकलं."

"मग?"

"दीड वर्ष त्या घराशी कुणी बोललं नाही. मधेच महादूची आई गेली. खांदा द्यायला एक माणूस आला नाही. महादू, त्याची बायको चांगुणा आणि हातगाडी. कर्ण्याच्या खोलीच्या खिडकीतून दिसलं मला ते. पुढे गावाचं आपापसात मिटलं, घर परत आत घेतलं. पण मी त्या दोघांशी आजवर बोलले नाही. काय तोंडाने बोलू? म्हणून म्हणते, जाळून टाकू दे. तीन ओळींसाठी अकरा वह्या जातील, जाऊ देत."

अशी किती पानं मी स्वतः पुसली असतील, हे मनात आलं.

दुपारी विठोबा पाटील आले. कोळीवाड्याचे जुने पुढारी, सत्तरीचे, लाल टोपी, छाती अजून रुंद. माझ्यासाठी दोन शहाळी आणली होती, कोयत्याने स्वतः फोडून दिली. मी पाणी पिऊन होईपर्यंत ते ओसरीवर बसून राहिले.

"मुंबयला वह्या नेताव म्हंतात," ते म्हणाले. "न्या. बेस हाय. फक्त एक पान हाय, त्याचं काय काम न्हाय. आता गाव एक झालंय. जुनी खपली कशाला काढायची?"

"पान ताईंचं आहे, पाटील. मी कोण ठरवणार?"

ते ताईंकडे बघत राहिले. ताई जमिनीकडे. मग पाटलांनी कोयता उचलला आणि निघून गेले.

समुद्राकडे

सेलचा प्रश्न दाऊदभाईंनी असा सोडवला, की शुक्रवारी सकाळी ते मला घेऊन कोळीवाड्यात दारोदार हिंडले. होडीवर जाणाऱ्या प्रत्येक घरात टॉर्च असते. "एक-दोन सेल द्या, उद्या संध्याकाळी परत," असं ते म्हणत आणि लोक टॉर्चचं बूड फिरवून सेल काढून देत. सहा जमले. किनाऱ्यावर बोंबील दोऱ्यांवर वाळत होते, जवळ्याचा उग्र वास नाकात बसला होता. आमच्याकडे अशा वासाला लोक नाकाला पदर लावतात. इथे लहान मुलं त्याच्याखाली खुशाल खेळत होती. तिसऱ्या घरापासून मलाही तो जाणवेनासा झाला.

वस्ती संपली. पुढे थोडं रिकामं रेताड, आणि मग एकटं एक कौलारू घर. त्याच्या अंगणासमोरच कर्ण्याचा खांब.

"उरलेले दोन इथून घ्या," दाऊदभाई म्हणाले. "मी इथेच थांबतो. माझं तोंडही फार उजळ नाही. खटका मीच दाबला होता."

अंगणात एक चाळिशीची बाई, चांगुणाच असणार, कोळंबी सोलत होती. मी सेल मागितले. तिने हात धुतले, घरातून टॉर्च आणली, दोन्ही सेल माझ्या हातावर ठेवले.

"कशाला पायजेत?"

"या यंत्रात माणसाचा आवाज साठवता येतो. कर्णा उद्या बंद होणार ना, त्याच्या आठवणी गोळा करतेय."

"मंग माजी घ्या," ती म्हणाली. "माज्यापेक्षा जास्त कोणी ऐकला नसंल."

मी यंत्र सुरू केलं. सांगितलं, की तुमच्या घराचं काय झालं ते मी वाचलंय, सांगायचं नसेल तर सांगू नका. तिने कोळंबीची टोपली बाजूला सारली. पुढचं तिच्याच शब्दांत देते, फितीवरून जसंच्या तसं :

"त्या सांजंला मी इथंच बसलेली. कर्ण्यातनं आमचं नाव आलं. पयलं वाटलं, आमचं कायतरी चांगलं झालं. मंग समजलं. सासूनं हातातली भाकर खाली ठेवली. दुसऱ्या दिसापासून कोणी बोलंना. पान्याला गेली तर बाया रहाट सोडून जायच्या. बाय, मानसाशी कोणी बोललं न्हाय तर त्याला आपलाच आवाज खोटा वाटाय लागतो. पर सांज झाली की कर्णा बोलायचा. 'समुद्राकडच्या शेवटच्या घरापर्यंत.' शेवटचं घर माजं. पयल्या दिशी मी म्हनली, ही चेष्टा हाय काय? दुसऱ्या दिशी पन तेच, तिसऱ्या दिशी पन तेच. मंग मी सासूला म्हनली, आत्ये, ती बामणीन बाय आपल्याशी बोलते. दीड वर्स ती एकटीच बोलली. सासू जायच्या दिशी पन तिला ऐकू यावं म्हनून खाट अंगनात आनली होती. आमाला वाळीत टाकलं त्या आवाजानं, आनि जगवलं पन त्याच आवाजानं. आता काय म्हनू मी तिला?"

ती थांबली. समुद्राकडे बघत म्हणाली, "बंद करा आता. कोलबी वास मारंल."

संध्याकाळचा कार्यक्रम आटोपल्यावर मी यंत्र इंदूताईंच्या ओसरीवर ठेवलं. "एक ऐका," एवढंच म्हटलं. अकरा वर्षं ताई बोलल्या होत्या आणि गाव ऐकत होतं. आता ताई ऐकत होत्या. पहिल्या वाक्यालाच त्यांनी आवाज ओळखला. 'आत्ये, ती बामणीन बाय आपल्याशी बोलते' हे आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि तो पदराने पुसत राहिल्या, काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या तरी.

फीत संपली. त्या उठल्या, पायात वहाणा घातल्या.

"कुठे निघालात?"

"तू चल. वही घे."

अजून उजेड होता. ओहोटीची ओली वाळू पायांना गार लागत होती. आम्हाला येताना पाहून चांगुणाबाई उभी राहिली. महादू होडीच्या आडोशाला जाळं सांधत होता, तोही उठला. ताई अंगणाच्या कडेला थांबल्या.

"चांगुणा, आत येऊ?"

"या की. दार काय बंद हाय?"

ताई अंगणात बसल्या. वही उघडून मांडीवर धरली. "हे ते पान. मी वाचलं होतं. माझी चूक होती. तू फाड म्हणालीस तर आत्ता फाडते. सगळ्या वह्या जाळ म्हणालीस तर जाळते."

चांगुणाबाईने पानावर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. "कुठं लिवलंय?"

ताईंनी तीन ओळींवरून तिचं बोट फिरवलं.

"एवढंच?" ती नवलाने म्हणाली. "मला वाटलं, लय मोठं असंल." मग वही हळूच मिटली. "नका फाडू, इंदूबाय. आमचं काय झालं ते दुसरं कुठं लिवलेलं न्हाय. हे गेलं तर उद्या लोक म्हनतील, असं कधी झालंच न्हवतं. माजी सासू खोटी पडंल."

महादू आतून पाण्याचा तांब्या घेऊन आला. तो ताईंसमोर ठेवताना क्षणभर घुटमळला. ताईंनी तांब्या उचलला, सोवळं-ओवळं काही न पाहता सगळं पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "अजून आहे?"

तेव्हा चांगुणाबाई हसली. हसता हसता रडायला लागली, आणि ताईंनी तिचा कोळंबीच्या वासाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

शनिवार

शेवटच्या कार्यक्रमाला पंचायतीपुढे गर्दी झाली होती. मी मात्र यंत्र घेऊन समुद्राकडच्या खांबाखाली बसले. मला कर्ण्यातला आवाज हवा होता, लाटांसकट.

नमस्कार झाला. बोटी, भाव, वारा झाले. तांबडी गाय सापडल्याची बातमी आली. मग ताईंनी एका जुन्या वर्षाची तारीख सांगितली आणि त्या तीन ओळी वाचल्या. नावासकट, सावकाश, जशा तेव्हा वाचल्या असतील तशा.

"हे मी याच जागेवरून वाचलं होतं," ताई म्हणाल्या. "चिठ्ठी दुसऱ्याची होती, पण आवाज माझा होता. वाचायला नको होतं. महादू, चांगुणा, मी चुकले. ज्या आवाजाने तुम्हाला तोडलं, त्याच आवाजाने हे सगळ्या गावाला ऐकू जावं, म्हणून आज सांगितलं. वह्या मी जाळत नाही. त्या कुसुमबरोबर मुंबईला जातील. ज्याला जे आठवायचं असेल त्याने ते तिथे जाऊन वाचावं. आता कर्णा बंद होतो. सर्वांनी सुखी असावं."

खटका दबल्याचा आवाज आला. महादूने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. चांगुणाबाईने वर पाहिलं नाही. दोरीवरचे बोंबील एकेक करून उलटत राहिली, शेवटच्या बोंबलापर्यंत. मग घरात जाऊन तिने दिवा लावला.

मी सेल परत करायला कोळीवाड्यात गेले. तीन घरांतल्या बायका माझ्याआधीच बाहेर पडल्या होत्या. त्या रेताडावरून शेवटच्या घराकडे चालल्या होत्या.

निघताना

रविवारी सकाळी दाऊदभाईंच्या घरी सांदणं आणि नारळाचं दूध खाऊन निघाले. त्यांच्या बायकोने चार सांदणं पानात बांधून दिली. बाजारातल्या पिंपळावरून भोंगा उतरवून ठेवला होता. आत चिमण्यांनी केलेलं गवताचं घरटं बघून दाऊदभाईंना गहिवरून आलं. "एवढ्या आवाजात राहिल्या बिचाऱ्या," ते म्हणाले.

वह्यांची ट्रंक गाडीत चढली. इंदूताई निरोप द्यायला आल्या होत्या, आठवडी बाजाराची बरीच माणसं होती. गाडी जुंपत असताना गर्दीतून विठोबा पाटील आले. आज हातात काही नव्हतं.

"ती पाचवी वही काडा," ते मला म्हणाले.

मला वाटलं, आता पान मागणार. ताईंचाही चेहरा उतरला. तरी मी ट्रंक उघडली आणि वही काढून घट्ट धरली.

"त्या पानावर काय लिवलंय? 'बैठकीकडून आलेली चिठ्ठी.' व्हय ना? काल कर्ण्यातनं ऐकलं मी. बैठक म्हंजे कोन? बैठकीला काय तोंड हाय? चिठ्ठी मी सांगितली. लिवणारा वारला. बाकीच्यांनी माना हलवल्या. इंदूबाय सगल्या गावात म्हनली, मी चुकले. बाईमानूस म्हनली. आनि मी घरात बसून ऐकत व्हतो." ते माझ्याजवळ आले. "माजं नाव लिवा तिथं."

जुन्या कागदावर नवीन अक्षर उमटवू नये, हा आमच्या कामातला पहिला धडा. मी ताईंकडे पाहिलं. ताईंनी आपल्या बटव्यातून शाईचं पेन काढून माझ्या हातात दिलं.

गाडीच्या फळीवर वही टेकवून मी त्या तीन ओळींखाली लिहिलं, "ही चिठ्ठी विठोबा पाटील यांनी सांगितली होती. त्यांच्याच इच्छेवरून नाव लिहिलं आहे."

पाटलांनी वहीवर वाकून पाहिलं. त्यांना सहीपुरतीच अक्षरओळख होती; आपलं नाव तेवढं बोटाने शोधून काढलं आणि त्यावर अंगठा टेकवून थोडा वेळ तसेच उभे राहिले. बाजारातली माणसं जवळ सरकली होती. मागे टोपली डोक्यावर घेतलेली चांगुणाबाईही मला दिसली.

"वाचा," पाटील म्हणाले.

मी वाचू लागले.

"असं न्हाय, बाय. मोठ्यानं. सगल्यांना ऐकू जाऊ द्या."

मी गाडीत उभी राहिले आणि मोठ्याने वाचलं.